दोन काउंटर, एकच साठा: एसक्यूएल अपडेट करताना रेकॉर्ड लॉक कसं करायचं

एप्रिलचा दुसरा आठवडा. रत्नागिरीजवळच्या एका आंबा गोदामात दोन काउंटर, आणि दोन्ही स्क्रीनवर पाच डझनी हापूसच्या ६० पेट्या शिल्लक. पहिल्या काउंटरने ४० पेट्यांचं बिल केलं, दुसऱ्याने ३० पेट्यांचं. दोन्ही बिलं छापली गेली आणि साठ्यात राहिल्या ३०. वाशीचा ट्रक भरताना दहा पेट्या कमी पडल्या, तेव्हा दिवाणजींनी आधी हमालांना धरलं, मग मला. प्रोग्राम माझाच होता. एरर एकही आली नव्हती.

झालं होतं ते साधं. प्रोग्रामने शिल्लक वाचली, वजाबाकी स्वतः केली आणि उत्तर परत लिहिलं. दुसऱ्या काउंटरनेही तेच केलं, तेही जुन्याच ६० वरून. पहिल्याने लिहिलेले २० दुसऱ्याच्या ३० खाली पुसले गेले.

यावर बहुतेक जण दोन उपाय करतात. एक म्हणजे सगळं ट्रान्झॅक्शनमध्ये (एकतर सगळे बदल होतील, नाहीतर एकही नाही, अशा गटात) गुंडाळणं. त्याने ही चूक जात नाही. का, ते पहिल्या पायरीत दिसेल. दुसरा म्हणजे अख्खं टेबल लॉक करणं, म्हणजे आपलं काम होईपर्यंत दुसऱ्याला अडवून ठेवणं. त्याने चूक जाते, पण हंगामात काउंटरवर रांग लागते आणि मालक तुम्हाला फोन करतो.

खाली आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या नेहमीसारख्या रोमन लिपीत टाका.

## तयारी: कोडला हात लावण्याआधी

डेटाबेस आणि इंजिन (टेबल साठवण्याची पद्धत) तपासा. मायएसक्यूएल असेल तर ‘शो टेबल स्टेटस’ चालवून इंजिनचा रकाना पाहा. तिथे मायआयसॅम दिसलं तर पुढचं सगळं वाया जाईल. मायआयसॅममध्ये ट्रान्झॅक्शनच नसतं. बिगिन (ट्रान्झॅक्शनची सुरुवात) आणि रोलबॅक (केलेलं मागे घेणं) लिहिलं तरी प्रोग्राम पुढे चालत राहतो, फक्त मागे काही फिरत नाही. मायएसक्यूएल ५.५ पासून नवीन टेबलं आपोआप इनोडीबी या ट्रान्झॅक्शन चालणाऱ्या इंजिनात बनतात, पण त्याआधीपासून कॉपी होत आलेले डेटाबेस अजून बऱ्याच दुकानांत चालू आहेत. बॅकअप घ्या आणि टेबल इनोडीबीत बदला.

एसक्यूलाइट असेल तर रेकॉर्डपुरतं लॉक हा प्रकारच नाही. एका वेळी एकच जण लिहू शकतो आणि लॉक पूर्ण फाइलला लागतं. ती फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून तीन संगणकांवरून चालवत असाल तर आजच थांबवा. नेटवर्कवरून फाइल लॉक भरवशाचं नसतं आणि फाइल खराब होऊ शकते.

भांडणाचे रेकॉर्ड कागदावर लिहा. दोन माणसं एकाच वेळी कोणते रेकॉर्ड बदलू शकतात? आंब्याच्या गोदामात ते तीनच निघाले: मालाची शिल्लक, शेवटच्या बिल नंबराचा रेकॉर्ड आणि बागायतदाराच्या खात्यातली उचल. बाकी चाळीस टेबलांना वेगळ्या लॉकची गरज नव्हती. ही यादी न करता जो तो प्रत्येक क्वेरीला (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेला) लॉक लावत सुटतो, आणि मग प्रोग्राम ‘हँग होतो’ म्हणून ओरड सुरू होते.

इंडेक्स (रेकॉर्ड पटकन शोधायची सूची) पाहा. लॉक एका रेकॉर्डला लावतोय असं तुम्हाला वाटतं. पण अटीतल्या रकान्यावर इंडेक्स नसेल, तर इनोडीबी आपल्या ठरलेल्या आयसोलेशन पातळीवर (एका ट्रान्झॅक्शनला दुसऱ्याचे बदल किती दिसावेत, ते सेटिंग) शोधताना वाटेत आलेला प्रत्येक रेकॉर्ड लॉक करतं. लॉट नंबरावर इंडेक्स नाही आणि टेबलात वीस हजार लॉट आहेत, तर वीसही हजार अडकले.

> तपासणी: यादीतल्या प्रत्येक अपडेटला ‘एक्सप्लेन’ लावून डेटाबेस रेकॉर्ड कसा शोधतो ते पाहा. प्रकाराच्या रकान्यात ‘ऑल’ किंवा ‘इंडेक्स’ आलं, म्हणजे सगळं चाळलं जातंय, तर आधी इंडेक्स करा, लॉकचं मग बघू.

## पायरी १: चूक स्वतः घडवून पाहा

डेटाबेसच्या दोन खिडक्या उघडा. खरा डेटा नको, त्याची कॉपी घ्या.

पहिल्या खिडकीत ट्रान्झॅक्शन सुरू करा आणि शिल्लक वाचा: ६०. दुसऱ्या खिडकीत तेच करा: ६०. आता पहिलीत शिल्लक २० लिहा, कमिट (बदल पक्का) करू नका. दुसरीत ३० लिहायला जा. ती खिडकी थांबेल.

इथेच अनेकांची फसगत होते. थांबली, म्हणजे लॉक आहे, म्हणजे सगळं ठीक! पहिलीत कमिट करा. दुसरी लगेच सुटते आणि निवांतपणे ३० लिहून मोकळी होते.

अपडेटला लॉक आपोआप लागतंच. पण ते लागेपर्यंत शिल्लक वाचून झालेली असते आणि निर्णयही झालेला असतो. साध्या सिलेक्टला (नुसत्या वाचायच्या आज्ञेला) मायएसक्यूएलच्या आणि पोस्टग्रेसच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये दुसऱ्याला अडवणारं लॉक लागत नाही. वाचून झाल्यावर लागणारं लॉक म्हणजे वरातीमागून घोडं. पुढच्या सगळ्या पायऱ्या लॉक वाचनाच्या आधी किंवा वाचनाबरोबर कसं आणायचं याच्याच आहेत.

## पायरी २: एका वाक्यात भागतं का ते पाहा

साठ्याची वजाबाकी प्रोग्रामने करायचीच कशाला? ती डेटाबेसला करू द्या, अटीसकट:

अपडेट साठा सेट शिल्लक = शिल्लक - ४० व्हेअर माल_आयडी = ७ अँड शिल्लक >= ४०

वाचणं, तपासणं, लिहिणं सगळं एकाच लॉकखाली होतं. दुसरा काउंटर थांबतो, सुटल्यावर त्याच्यासाठी शिल्लक नव्याने पाहिली जाते: २०. तीसची अट बसत नाही, एकही रेकॉर्ड बदलत नाही.

यानंतर किती रेकॉर्ड बदलले ते तपासणं सक्तीचं आहे. एक असेल तर पुढे जा. शून्य असेल तर रोलबॅक करा आणि ‘शिल्लक अपुरी’ असा संदेश दाखवा. शून्य रेकॉर्ड बदलणं ही डेटाबेसच्या लेखी एरर नसते, त्यामुळे ट्राय-कॅचमध्ये ते कधीच सापडणार नाही. वाक्य बरोबर लिहून हा आकडा न पाहणारे मी इतके पाहिलेत की आता दुसऱ्याचा कोड हातात आला की आधी तेच शोधतो.

> सावधान: मायएसक्यूएल बदललेले रेकॉर्ड मोजतं. आधीचीच किंमत पुन्हा लिहिली तर रेकॉर्ड सापडूनही आकडा शून्य येतो. काही ड्रायव्हर (प्रोग्राम आणि डेटाबेस जोडणारा भाग) मात्र सापडलेले रेकॉर्ड मोजून देतात. तुमचा ड्रायव्हर काय करतो ते एकदा करून पाहा.

निम्म्याहून जास्त कामं इथेच संपतात. ज्यांची संपत नाहीत त्यांनीच पुढे जा.

## पायरी ३: वाचून ठरवायचं असेल तर ‘फॉर अपडेट’

बागायतदाराला उचल द्यायची आहे. त्याची आधीची उचल, गोदामात आलेला पण हिशेब न झालेला माल आणि मालकाने ठरवलेली मर्यादा, तिन्ही पाहून हो की नाही ठरतं. हे एका वाक्यात कोंबता येईल, पण सहा महिन्यांनी तुम्हालाच वाचता येणार नाही. इथे वाचतानाच लॉक घ्या. क्रम असा:

१. ट्रान्झॅक्शन सुरू करा.
२. सिलेक्ट उचल, मर्यादा फ्रॉम खाते व्हेअर खाते_आयडी = १२ फॉर अपडेट
३. आलेल्या आकड्यांवर निर्णय घ्या.
४. अपडेट आणि इन्सर्ट करा.
५. कमिट. नकार असेल तर रोलबॅक.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये ‘फॉर अपडेट’ असं लिहीत नाहीत. तिथे सिलेक्टमध्ये टेबलाच्या नावापुढे ‘विथ’ लिहून कंसात ‘अपडलॉक’ आणि ‘रोलॉक’ द्यायचं.

क्रम सोपा दिसतो, चुका त्याच्या फटींत होतात.

जुना आकडा वापरणं. फॉर्म उघडताना वाचलेली उचल व्हेरिएबलमध्ये पडलेली असते. मग लॉक घेऊन सिलेक्ट चालवतात, पण निर्णय जुन्या व्हेरिएबलवर घेतात. लॉक लागलं, उपयोग शून्य. मायएसक्यूएलमध्ये याची एक छुपी आवृत्ती आहे. त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आधी साधं सिलेक्ट केलं असेल, तर नंतरची साधी सिलेक्टं त्या वेळचंच चित्र दाखवत राहतात, पण ‘फॉर अपडेट’ मात्र ताजा आकडा आणतं. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये दोन वेगळे आकडे! विश्वास लॉक घेऊन आलेल्यावरच ठेवा.

ऑटोकमिट (प्रत्येक आज्ञा आपोआप पक्की होणं) चालू ठेवणं. बिगिन लिहायचं राहिलं तर सिलेक्ट संपताच लॉक सुटतं. कोडमध्ये ‘फॉर अपडेट’ दिसत राहतं आणि सगळ्यांना वाटतं की इथे लॉक आहे.

दोन कनेक्शन वापरणं. लॉक एका कनेक्शनवर, अपडेट पूलमधून (उघड्या ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्यातून) आलेल्या दुसऱ्यावर. मग प्रोग्राम स्वतःच्याच लॉकमागे थांबतो. काउंटर एकच असताना प्रोग्राम अडकत असेल तर आधी हे तपासा.

नसलेला रेकॉर्ड लॉक करणं. आज पहिल्यांदाच आलेल्या मालाचा रेकॉर्डच नाही. सिलेक्ट रिकामं येतं. पोस्टग्रेसमध्ये तेव्हा काहीच लॉक होत नाही आणि दोन्ही काउंटर नवीन रेकॉर्ड घालतात. इथे लॉक कामाचं नाही. माल आणि तारीख यांवर युनिक बंधन (तीच जोडी दुसऱ्यांदा येऊ न देणारी अट) घाला आणि दुसऱ्याला एरर येऊ द्या.

> सावधान: ट्रान्झॅक्शन सुरू असताना प्रिंटरला बिल पाठवू नका, एसएमएस पाठवू नका, यूपीआयच्या उत्तराची वाट पाहू नका. प्रिंटरमधला कागद संपला म्हणून अख्खं गोदाम थांबलेलं मी पाहिलंय. आधी कमिट, मग प्रिंट.

## पायरी ४: माणूस स्क्रीनसमोर असेल तिथे लॉक नको

एका कार्यालयात बाईंनी खातं दुरुस्तीला उघडलं आणि डबा खायला गेल्या. फॉर्म उघडतानाच प्रोग्रामने ‘फॉर अपडेट’ घेतलेलं. पाऊण तास त्या खात्याला कुणालाच हात लावता आला नाही. प्रत्येक जण पन्नास सेकंद थांबायचा, एरर बघायचा आणि पुन्हा बटण दाबायचा.

माणूस विचार करत असताना लॉक धरायचं नाही, मग खातं कितीही महत्त्वाचं असो. त्याऐवजी टेबलात ‘आवृत्ती’ नावाचा एक पूर्णांक रकाना घाला. फॉर्म उघडताना लॉक न घेता रेकॉर्ड वाचा, आवृत्ती लक्षात ठेवा, समजा ५. सेव्ह करताना:

अपडेट खाते सेट फोन = नवा_फोन, आवृत्ती = आवृत्ती + १ व्हेअर खाते_आयडी = १२ अँड आवृत्ती = ५

एक रेकॉर्ड बदलला तर झालं. शून्य आला तर मधल्या वेळेत कुणीतरी हात मारलाय. आवृत्ती दर वेळी वाढतेच, त्यामुळे मायएसक्यूएलच्या मोजणीचा मघाचा घोटाळा इथे होत नाही.

शून्य आल्यावर काय करायचं हे मात्र आधी ठरवा. ‘पुन्हा प्रयत्न करा’ असा संदेश टाकून भरलेला फॉर्म पुसून टाकलात तर माणूस वैतागेल, आणि त्याचं बरोबरच असेल. आता रेकॉर्डमध्ये काय आहे आणि तुम्ही काय लिहिलं होतं, हे शेजारी शेजारी दाखवा. आपोआप ताजी आवृत्ती वाचून त्याचंच लिखाण वरून मारू नका. तसं केलं तर हा रकाना घातला काय नि न घातला काय.

तारकर्ली-मालवणकडच्या होमस्टेवाल्यांचा प्रश्न जरा वेगळा. पाहुणा फोनवर म्हणतो, ‘घरी विचारून दहा मिनिटांत सांगतो.’ तेवढा वेळ खोली अडवून ठेवायची असते. तिथे डेटाबेसचं लॉक नको, ‘राखीव_पर्यंत’ असा वेळेचा रकाना ठेवा. पायरी २ सारख्या एकाच अपडेटने, ‘रिकामी असेल किंवा राखीव वेळ उलटून गेली असेल तरच’ या अटीवर, त्यात दहा मिनिटांनंतरची वेळ लिहा. वेळ डेटाबेस सर्व्हरची घ्या. काउंटरच्या संगणकांची घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीत.

## पायरी ५: लॉकचा क्रम ठरवा

पहिल्या बिलात आधी हापूस, मग पायरी. दुसऱ्या बिलात आधी पायरी, मग हापूस. (ही पायरी आंब्याची.) पहिल्याने हापूस धरला, दुसऱ्याने पायरी, आणि दोघंही समोरच्याची वाट बघत बसले. हा डेडलॉक. डेटाबेस तो ओळखतो आणि एकाला बाद करतो.

टाळायचा उपाय: बिलातल्या ओळी मालाच्या आयडीने चढत्या क्रमाने लावा आणि त्याच क्रमाने अपडेट करा. गिऱ्हाइकाने कुठल्या क्रमाने सांगितलं याच्याशी देणंघेणं नाही. टेबलांचाही एकच क्रम ठरवून भिंतीवर लावा. आमचा असा: खातं, साठा, बिल नंबर. बिल रद्द करण्याच्या कोडलाही तोच क्रम हवा. तो कोड दुसऱ्याच कुणीतरी नंतर लिहिलेला असतो, आणि नेमका उलट्या क्रमाने.

तरीही अधूनमधून डेडलॉक होणारच. तेव्हा पूर्ण ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून पुन्हा चालवा, वाचनासकट. तीन प्रयत्न पुरेत, मध्ये थोडा कमीजास्त विराम ठेवा.

एरर नंबर ओळखताना गल्लत होते. मायएसक्यूएलमध्ये १२१३ म्हणजे डेडलॉक आणि १२०५ म्हणजे लॉकची वाट पाहून वेळ संपली. एसक्यूएल सर्व्हरमध्ये १२०५ म्हणजेच डेडलॉक. एकाचा कोड दुसऱ्यात चिकटवलात तर प्रोग्राम भलत्याच वेळी भलतंच करेल.

> सावधान: मायएसक्यूएल १२१३ वर पूर्ण ट्रान्झॅक्शन मागे घेतं. १२०५ वर, सेटिंग बदललं नसेल तर, फक्त शेवटचं वाक्य मागे जातं. आधीचे बदल आणि लॉक तसेच राहतात. तिथे रोलबॅक तुम्हीच लिहा, नाहीतर अर्धं बिल कमिट होईल.

## पायरी ६: बिल नंबर

‘सर्वांत मोठा नंबर अधिक एक’ ही पद्धत सोडा. दोन काउंटरना एकच नंबर मिळतो. ऑटो इन्क्रिमेंटही (डेटाबेसने आपोआप वाढवलेला नंबर) नको: ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं तरी वापरलेला नंबर परत येत नाही, खड्डे पडतात. जीएसटीच्या नियमांत बिलाचा अनुक्रमांक सलग, जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. खड्डा दिसला की हिशेबनीस पहिला फोन तुम्हालाच करतो.

त्यासाठी प्रत्येक आर्थिक वर्षाला आणि मालिकेला एक रेकॉर्ड असं छोटं टेबल ठेवा. नंबर एकने वाढवा, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये वाचा आणि बिलात घाला. हा रेकॉर्ड प्रत्येक बिलाला लागतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी लॉक करा आणि लगेच कमिट करा. सुरुवातीलाच धरलात तर अख्खं गोदाम एका रांगेत उभं राहील.

## पायरी ७: थांबण्याची मर्यादा

मायएसक्यूएलचं इनोडीबी लॉकसाठी ५० सेकंद थांबतं. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर, सांगितलं नाही तर, कायमचे थांबतात. काउंटरवर माणूस उभा असताना पाच सेकंद पुष्कळ झाले. तेवढी मर्यादा घाला आणि ‘हे खातं दुसऱ्या काउंटरवर वापरात आहे’ असा समजेल असा संदेश द्या.

आपल्याकडचा खरा त्रास मात्र विजेचा. मे महिन्यात वळिवाचा पाऊस येतो, लाइट जाते, काउंटरचा संगणक धाडकन बंद होतो. सर्व्हर इन्व्हर्टरवर जिवंत असतो. काउंटर मेल्याचं त्याला कुणी कळवत नाही, म्हणून तो अर्धवट ट्रान्झॅक्शनचं लॉक धरून बसतो. लिनक्सवर नेहमीच्या सेटिंगमध्ये निपचित कनेक्शनची पहिली चौकशी दोन तासांनी होते. मायएसक्यूएलची रिकाम्या कनेक्शनची मर्यादा आठ तासांची असते. लाइट आली, संगणक सुरू झाला, आणि तेच बिल पुन्हा करताना अडकतं, कारण अडवणारं लॉक आपलंच, मघाचं.

पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून गप्प बसलेल्या कनेक्शनसाठी वेगळी मर्यादा आहे, ती एक मिनिट करा. मायएसक्यूएलमध्ये ‘वेट टाइमआउट’ काही मिनिटांवर आणा आणि तुटलेलं कनेक्शन पुन्हा जोडण्याची सोय प्रोग्राममध्ये ठेवा.

> तपासणी: ट्रान्झॅक्शन अर्धवट असताना काउंटरच्या संगणकाची वायर ओढा. दुसऱ्या काउंटरवर तोच माल किती वेळात सुटतो ते घड्याळ लावून मोजा. प्रोग्रामची खिडकी फुलीवर क्लिक करून बंद करणं ही ती चाचणी नव्हे. तेव्हा कनेक्शन नीट बंद होतं.

## पायरी ८: अडकलंच तर

सर्व्हर रीस्टार्ट करू नका. कुणी धरलंय ते आधी बघा. मायएसक्यूएलमध्ये ‘सिस’ स्कीमातला ‘इनोडीबी_लॉक_वेट्स’ हा व्ह्यू थांबलेला आणि अडवणारा दोघंही दाखवतो. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी_ब्लॉकिंग_पिड्स’ हे फंक्शन आहे. अडवणारं एकच कनेक्शन मारा, बाकीचे आपोआप सुटतील. मारण्याआधी त्याची क्वेरी लिहून घ्या, नाहीतर उद्या पुन्हा हेच.

एसक्यूएल सर्व्हरवर रिपोर्टही अडकतात, कारण तिथे नेहमीच्या सेटिंगमध्ये वाचणारा लिहिणाऱ्यामागे थांबतो. त्यावर लोक सर्रास ‘नोलॉक’ (लॉक न पाहता वाचायची सूचना) मारतात. मग कमिट न झालेलं, पुढे रद्द होणारं बिलही बेरजेत येतं. खातेवहीच्या रिपोर्टला ते चालणार नाही. स्नॅपशॉटवर (कमिट झालेल्या डेटाच्या त्या क्षणीच्या चित्रावर) आधारित वाचनाचं सेटिंग चालू करा.

दिवसाढवळ्या सगळ्या मालाचे दर एका अपडेटने बदलणंही टाळा. एसक्यूएल सर्व्हर एका वाक्यात साधारण ५,००० लॉक झाले की टेबल लॉककडे वळतो. पाचशे-पाचशेचे गट करा, किंवा गोदाम बंद झाल्यावर चालवा.

## पायरी ९: हंगामाआधीची चाचणी

हंगामाची गर्दी सुरू व्हायच्या आधी, फेब्रुवारीतच करा. दोन माणसं, दोन संगणक. एका मालाची शिल्लक १० ठेवा आणि दोघांनी एकाच वेळी एकेक पेटीची बिलं भराभर करायची, नकार येईपर्यंत. मग पाहा: बिलं बरोबर दहा, शिल्लक शून्य, नंबर सलग. नंतर दोन मालांची बिलं उलटसुलट क्रमाने करा, आणि शेवटी वायर ओढा.

चाचणीला ऑफिसातला एक आणि गोदामातला एक असे दोघं बसवा. आम्ही दोघं प्रोग्रामर बसलो होतो तेव्हा सगळं पास झालं होतं. गोदामातल्या मुलाने सेव्हचं बटण लागोपाठ तीनदा दाबलं आणि तीन बिलं निघाली. लॉक तिन्ही वेळा बरोबर चाललं होतं. त्यानंतर प्रत्येक फॉर्म उघडताना एक वेगळा क्रमांक तयार करून बिलाच्या टेबलात त्यावर युनिक बंधन घातलं, आणि सेव्ह दाबताच बटण निष्क्रिय केलं.